धोट्याची वेळ

टॉवेलच्या कोपऱ्यात पितळी हूक कसा लटकतो
ते बघायला परदेशातून एक काठी आली,
सात नंबरची, आणि तीन पांढरे चेंडू.
नमुना पास झाला. काठी कुणी परत मागितली नाही.
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
गोल्फचे टॉवेल गठ्ठ्यांनी विणले जातात
आणि गोल्फ कुणीच बघितलेलं नाही.

मी गच्चीवर एक नापास चादर टांगली,
तिच्यावरचा मोर चुकून उलटा विणला गेलेला,
आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा धुऊन झाल्यावर,
त्या मोराच्या पोटावर चेंडू मारू लागले.

मोबाईलमधला माणूस सांगे, कंबर आधी.
मी कंबर आधी फिरवली, आणि हात मागे राहिले,
वऱ्हाडाच्या जीपमध्ये जागा न मिळालेल्या मावशीसारखे.
चेंडू उजवीकडे, सिंटेक्सच्या टाकीवर. धप्प.
म्हणून कंबर आवरली. तर हात एकटेच धावले,
ऐनवेळी मनगट मोडलं,
काठी चेंडूआधी गच्चीला लागली
आणि फरशीचा टवका उडाला.
एवढ्याशा अंतरात
माझ्याच अंगाला माझेच हात सापडेनात.
सव्वीस दिवस. एप्रिल. खांद्याला आयोडेक्स.

एकदा गाजूल जॉबर वर आले, बिडी ओढायला.
पाठमोरे उभे. वळूनसुद्धा बघितलं नाही.
"तडवळकर मॅडम, दोन आवाज येतेत की."
कसले?
"एक चपलेचा, एक काठीचा. मधी फट हाय."

खाली नेलं. अकरा नंबरचा माग बंद होता.
चाक हातानं फिरवलं, सावकाश,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसं.
"हे ताण्याचं तोंड उघडतंय बघा. अजून नाही.
अजून नाही. थांबा की.
आत्ता."
बाजूची दांडी धोट्याला लागली. खट्.
"लवकर मारलं तर दोरे तोडतो.
उशीर झाला तर तोंड मिटतं, हा आत सापडतो.
आणि दांडीला अक्कल नसतीय मॅडम,
ती खालच्या शाफ्टवर फिरतीय.
शाफ्ट थांबला की ती नुसतं लाकूड."

त्यांचा डावा अंगठा अर्धाच आहे.
उडालेला धोटा, जुन्या मिलमध्ये.
वेळ कुणाची चुकली होती, मी विचारलं.
"माझीच. टायमिंग मीच लावत होतो."
एवढं बोलून त्यांनी चाकावरचा कापूस फुंकला.

मग रिजेक्टच्या ढिगातून दोन टॉवेल काढले,
माझ्या दोन्ही काखांत एकेक खोचायला दिले.
"पडू द्यायचं नाही. पडलं, की हात घर सोडून गेले समजा."
मला हसू आलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच,
आणि मी सव्वीस दिवस मोबाईलला वळसा घालत होते.

पहिल्या दिवशी अकरा वेळा टॉवेल पडला.
पुढे मोजलं नाही.
उजवी टाच उचलायची, पण घाई नाही.
छाती वळते, हात तिच्यासोबत येतात, ओढून नाही, लोंबकळूनही नाही,
मूठ चेंडूच्या जरा पुढे,
आणि सगळं थांबतं ते चेंडू गेल्यानंतर.
लिहायला सोपं आहे.

बुधवारी दुपारी लाईट गेली.
चोवीस माग एकदम गप्प झाले,
कानात नुसती त्यांची भोकं राहिली.
मी सवयीनं काठी मागे नेली, आणली.
एकच आवाज झाला.
मोराचं पोट आत गेलं,
जरा वेळानं बाहेर आलं, जसं काही
त्यालाच समजून घ्यायला वेळ लागला.
काखा भरलेल्या. तळहातात काहीही नाही,
झिणझिण्यासुद्धा नाहीत.

पुढचा चेंडू टाकीवर. धप्प.

जिन्याखालून गाजूलांचा आवाज आला,
"ऐकलं, ऐकलं."

कुठला, ते मी विचारलं नाही.